हात लागेपर्यंत सुई नाही

आमच्या इस्पितळातल्या मोठ्या सरांना पाठीमागे सगळे 'हातवाले सर' म्हणायचे. समोर अर्थातच नुसतं 'सर', आणि तेही खालच्या आवाजात. पोटाचे सर्जन म्हणून त्यांचा हात खरोखर चांगला होता, हे दातओठ खात का होईना, मी मान्य करते. मी भूल देते. मी झोपवायचं आणि त्यांनी कापायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची जोडी. ऑपरेशन टेबलाच्या उशाशी उभं राहून माणूस जेवढा कळतो तेवढा त्याच्या बायकोलाही कळत नसेल, असं मला वाटायचं. ते साफ चूक निघालं, पण त्याकडे येतेच.

सरांचा एक नियम होता. अचानक पोट दुखायला लागून कोणी कॅज्युअल्टीत आला, की मोठ्या सरांचा हात पोटाला लागेपर्यंत त्याला दुखणं थांबवायचं इंजेक्शन मिळायचं नाही. "दुखणं दाबलंत की आजार लपून बसतो," असं त्यांच्या सरांनी त्यांना सांगितलं होतं, त्या सरांना त्यांच्या सरांनी. पुढे कोणी विसरू नये म्हणून सरांनी भिंतीवर ठळक अक्षरात पाटीच लावली: 'हात लागेपर्यंत सुई नाही.' खाटेवर आडवं पडलं की ती पाटी बरोबर डोळ्यांसमोर यायची. ज्याने ती जागा निवडली त्याच्या कल्पकतेला हात जोडले पाहिजेत.

मी अधूनमधून तोंड उघडायचे. "सर, आता सगळीकडे सुई आधी देतात. पोट काही लपवाछपवी करत नाही. उलट माणूस शांत पडला तर तपासणं सोपं जातं."

"तुम्ही झोपवायचं बघा," सर म्हणायचे.

नियमात खोट एकच होती. हात एकच, आणि तो सरांबरोबर फिरायचा. सर मीटिंगला गेले की हात मीटिंगला. एकदा एक टेम्पोवाला मुतखड्याच्या कळांनी खाटेवरून खाली आणि जमिनीवरून भिंतीपर्यंत लोळत होता, तेव्हा हात न्हाव्याकडे होता. निरोप गेला. उत्तर आलं, एक कल्ला झालाय, दुसरा होऊ दे. दोन्ही कल्ले समान करून सर आले, त्यांनी टेम्पोवाल्याच्या पोटाला हात लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "मुतखडा." हे आम्हाला तो लोळत होता तेव्हाच कळलं होतं. पण आमचे हात कुठे मोठे होते!

हात लावून झाला की सरांचा पुढचा ठरलेला प्रश्न असे, "दुखण्याच्या गोळ्या खाता का? उपाशीपोटी? खोटं बोलू नका, पोट चुगली करतं." भलेभले कबूल करायचे. एक आजोबा तर गोळी खाल्ली म्हणून रडले होते.

त्या दिवशी दुपारी जेवणाआधी सर वॉर्डात राउंड घेत होते. मी थिएटरमध्ये एका पेशंटला उठवत होते, त्यामुळे सुरुवात मला इनचार्ज सिस्टरांकडून कळली. एका बाईला तिखट खाण्यावरून झापता झापता सर मध्येच थांबले. त्यांनी पलंगाचा गज धरला. "अ‍ॅसिडिटी," म्हणाले, आणि खालीच बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. वॉर्डबॉय मामांनी त्यांना ट्रॉलीवर घालून कॅज्युअल्टीत आणलं आणि नेमक्या पाटीसमोरच्या खाटेवर ठेवलं. दुसरी खाट रिकामी नव्हती.

सर गुडघे पोटाशी घेऊन निपचित पडले. श्वाससुद्धा वरच्यावर घेत होते, कारण श्वास खोल गेला की कळ यायची. "सिस्टर, सुई द्या," ते म्हणाले.

"सर, हात लागायचाय," कॅज्युअल्टीच्या सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर खवचटपणाचा लवलेश नव्हता. एकदा घाईत आधी सुई दिली म्हणून सरांनी त्यांना चारचौघांत फाडून खाल्लं होतं, तेव्हापासून त्या नियमाबाहेर पाऊल टाकत नसत.

"माझा हात माझ्या पोटावरच आहे!"

"पण सर, तपासणारा आणि पेशंट एकच असला तर काय करायचं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

मग धाकट्या सरांना बोलावलं. धाकटे सर मोठ्या सरांच्याच हाताखाली शिकलेले. हात तयार, पण सरांसमोर आवाज कुठे जायचा कोण जाणे. बापाच्या कानाखाली मारायला सांगावं तसे ते खाटेपाशी उभे राहिले. शेवटी त्यांनी बोटं टेकवली. पोट फळीसारखं टणक होतं.

"सर, तुम्ही दुखण्याच्या गोळ्या..."

"नाही."

इथे सगळं अडलं. पोट म्हणत होतं की अल्सर फुटलाय, आतलं आम्ल पोटभर पसरतंय, लवकर उघडा. सर म्हणत होते गोळ्या नाहीत, अल्सर नाही, ही स्वादुपिंडाची सूज आहे, चाकू लावायचा नाही, थांबा. अल्सर फुटला असेल तर एक्स-रेत छातीच्या पडद्याखाली हवा दिसते, पण त्यासाठी पेशंटला ताठ बसवावं लागतं. सरांना बसवायला गेलं की ते ओरडत. शेवटी आडवंच ठेवून फोटो काढला, आणि त्यात काहीच धड दिसेना. बीपी खाली चाललं होतं. धाकटे सर मोठ्या सरांच्या तोंडाकडे बघत थांबले होते, आणि त्यांचा हात 'मोठा' धरायचा की नाही हे न ठरल्याने सुईही अडून होती.

मी धावत आले ती तेव्हा. पाठोपाठ सरांच्या बायको आल्या, चपला हातात धरून. धाकट्या सरांनी त्यांना विचारलं, "वहिनी, सर कधी दुखण्याच्या गोळ्या..."

"खातात की!" वहिनी म्हणाल्या. "गुडघ्यांसाठी. शेंगदाण्यासारख्या खातात. सकाळी तर नुसत्या चहाबरोबर. कोटाच्या खिशात बघा."

खिशात अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी निघाली. सरांनी डोळे मिटून घेतले. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. हा माणूस लाजेखातर मरायला निघाला होता.

"तुमचा नियम गेला खड्ड्यात," मी म्हणाले आणि सुई दिली. सिस्टरांनी पाटीकडे एकदा बघितलं आणि पुढची सलाईनची बाटली लावली.

थोड्या वेळात सरांचा चेहरा सैल झाला. आम्ही त्यांना धरून ताठ बसवलं. फोटो नीट आला. पडद्याखाली हवेची बारीक चंद्रकोर, शिकाऊ डॉक्टरलाही दिसेल अशी. धाकट्या सरांनी पुन्हा पोटाला हात लावला आणि आता त्यांचा आवाज परत आला होता. "सर, सुई देऊनही फळीच आहे. काही लपलेलं नाही. थिएटरमध्ये घेतोय." मी सरांना झोपवलं, धाकट्या सरांनी भोक शिवलं, पोट धुऊन काढलं.

दोन-तीन दिवसांनी सर वॉर्डात पडून होते, नाकात नळी. मी त्यांची नाडी बघत होते, तेवढ्यात दार ढकलून मामा एक ट्रॉली आत घेऊन आले. ट्रॉलीवर एक शिंपीणबाई पोट धरून कण्हत होती, सोबत सिस्टर.

"हे काय?" मी विचारलं.

"सरांचा हात इथे आहे ना," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून इकडे आणलं."

सरांनी हात उचलला. बाईने त्यांच्या नाकातली नळी बघितली, पोटावरची पट्टी बघितली. "साहेब, तुमचंही पोट?" ती कळा सोसत म्हणाली. "तुम्हाला तरी दिली का हो यांनी सुई?"

सरांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला. "सिस्टर, हिला आधी सुई द्या. धाकट्यांना बोलवा. आणि ती पाटी काढा."

ट्रॉली गेली. सरांनी नजर छताकडे वळवली. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

"तुम्ही इतकी वर्षं सांगत होतात," ते म्हणाले. "मी ऐकलं का नाही हो?"

"पोट तुमचं नव्हतं, सर," मी म्हणाले.