सीबोल्टच्या बारीक नळ्या

आमचा शेजारी सीबोल्ट वीर्समा डेअरीत यंत्रं दुरुस्त करायचा आणि रविवारी गावच्या चर्चमधला शेकडो नळ्यांचा मोठा ऑर्गन वाजवायचा. माणसं येईनाशी झाली तसं चर्च बंद झालं, ऑर्गनला कुलूप लागलं. सीबोल्टने कटकट केली नाही. त्याने घराच्या माडीवर एकावर एक तीन कीबोर्ड मांडले, खाली पायांनी दाबायच्या लाकडी पट्ट्या, शेजारी संगणक. मोठमोठ्या चर्चांमधल्या ऑर्गनच्या एकेका नळीचा आवाज रेकॉर्ड केलेला मिळतो. बोट ठेवलं की तीच नळी संगणकातून बोलते; कुठल्या नळ्या बोलायच्या ते बाजूच्या खुंट्यांनी ठरतं.

वाजवायचा मात्र कुणी न ऐकलेलं. खेड्यातल्या मास्तरांनी, पाद्र्यांनी कधीकाळी रचलेलं, छापून धूळ खात पडलेलं.

"नावाजलेल्यांना हजार जण वाजवतात," तो म्हणायचा. "ह्यांना कोण विचारतं?"

दर आठवड्याला एक रेकॉर्डिंग इंटरनेटवर जायचं. ऐकणारे मूठभर, पण नेमाचे. खाली 'छान' लिहून जायचे.

मग गेंट शहरातल्या लेओन्तीन नावाच्या बाईंनी लिहिलं, 'रचना गोड आहे, पण तुम्ही काच कापताय का? अलीकडे तुमच्या बारीक नळ्या नुसत्या किंचाळतात. मी हेडफोन काढून ठेवला.'

सीबोल्टने कॉफीच्या वेळी हे बायकोला, फ्राउक्येला, वाचून दाखवलं. "कान तपासायला हवेत ह्या बाईचे!"

फ्राउक्ये पावावर चीज ठेवत राहिली.

"अगं, बोल की काहीतरी."

"तू वाजवायला बसलास की मी कोंबड्यांकडे जाते. कशाला जात असेन?"

"अंडी आणायला."

"एवढी अंडी घालतात होय त्या?"

पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. वरचे स्वर सीबोल्टला बऱ्याच काळापासून ऐकू येत नव्हते. येत नव्हते, म्हणून तो उंच स्वरांच्या बारीक नळ्यांच्या आणखी आणखी खुंट्या उघडत गेला होता. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं. बोलणं त्याने नीट ऐकू यायचं, ऑर्गन मात्र पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा.

तो माडीवर जाईनासा झाला. हिवाळाभर दाराबाहेरचा बर्फ खरवडायचा, आमच्याही दारातला खरवडायचा, फारसं बोलायचा नाही.

एके दिवशी दुपारी फ्राउक्ये विणकाम घेऊन स्वतःच माडीवर जाऊन बसली आणि तिने खाली हाक मारली, "ये, वाजव. टोचलं की सांगते."

"तुला ऑर्गनमधलं काय कळतं?"

"टोचलेलं कळतं."

कानातलं यंत्र काढून तो वाजवू लागला. "ही खुंटी बंद कर," ती म्हणाली. "तीही कर. ती पण."

"आता वर काही उरलंच नाही!"

"तुला उरलं नाही. मला ऐकू येतंय."

सीबोल्टचे हात थांबले. मग त्याने ती कुणा खेड्यातल्या मास्तरांची चाल पहिल्यापासून वाजवली. वरची ओळ त्याला ऐकू येत नव्हती, बोटांना ठाऊक होती. त्या रेकॉर्डिंगखाली त्याने बायकोचंही नाव लिहिलं. लेओन्तीनबाईंनी खाली लिहिलं, 'ह्या वेळी शेवटपर्यंत ऐकलं.'

मी एकदा कुंपणापाशी विचारलं, स्वतःला ऐकू न येणारं वाजवताना वाईट वाटत नाही का?

"वाटतं," तो म्हणाला. "पण मास्तरांनी ती ओळ काही माझ्या कानांसाठी लिहिली नव्हती."

आता तो किंचाळणारी जुनी रेकॉर्डिंगं इंटरनेटवरून एकेक करून काढून टाकतोय आणि त्याच चाली पुन्हा वाजवतोय. काम संथ चालतं, कारण फ्राउक्येला फुरसत असेल तेव्हाच बसता येतं.