कोंबडीची हूल

आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात काचेचं एक कपाट आहे. त्याच्या खालच्या फळीवर विद्यापीठाच्या खो-खो स्पर्धेचा जरा काळवंडलेला करंडक आहे. मी त्या जिंकलेल्या संघात होते. आज इथली क्रीडाशिक्षिका मीच, त्यामुळे तो पुसण्याचं कामही माझ्याकडेच. पुसताना ते दिवस आठवून जीव सुखावतो आणि लगेच लाजही वाटते.

तेव्हा दर रविवारी आम्ही मुली एसटीने संगमेश्वरकडच्या एका गावात जायचो. तिथल्या शाळेतल्या मुलींना खो-खो शिकवायचा, हा आमच्या मॅडमचा नियम. "नुसत्या कपांचं काय लोणचं घालायचंय?" असं त्या म्हणायच्या. भात कापून झालेल्या शेतातली धसकटं काढून गावकरी आमच्यासाठी मैदान करून ठेवायचे आणि खेळ संपला की घावणे खाल्ल्याशिवाय सोडायचे नाहीत. घावणे मला आवडायचे, शिकवणं नाही. संघातली सगळ्यात चपळ मी, आणि हे मला जरा जास्तच ठाऊक होतं.

एका रविवारी गवताचा भारा बांधावर टेकवून एक बाई आमचा खेळ बघत उभी होती. दहावी होताच लग्न झालेली, माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. मॅडमनी तिला सहज विचारलं, "येताय का खेळायला?" तिने पदर खोचला आणि थेट आत आली. पाठलागावर मी होते. आता ही खांबाला वळसा घालणार, असं तिने खांदा टाकून दाखवलं. मी झेप घेतली आणि ती बसलेल्या शेवटच्या दोघींमधून पलीकडे निसटली. मी मातीत. असं तीनदा झालं. शाळेतल्या पोरी खिदळत होत्या.

तिनेच मला हात देऊन उठवलं. म्हणाली, "सांजच्याला कोंबड्या झाकताना बघ गो बाय. हातात आली आली म्हनतेस, तवर ती अशीच सुटते."

पुढचे सगळे रविवार मी तिच्याकडून ती हूल घोटून घेतली. विद्यापीठाच्या अंतिम सामन्यात तिच्याच जोरावर मी शेवटपर्यंत टिकले आणि आम्ही जिंकलो. बातमीदाराने विचारलं, "ही हूल कुठे शिकलात?"

मी म्हणाले, "माझी मीच शोधली. कोंबड्यांकडे बघून."

आमचं बिऱ्हाड एसटी स्टँडजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. कोंबडी मी पाहिलेली ती फक्त ताटात. तरी पेपरात माझ्या फोटोसकट ते सगळं छापून आलं. पुढच्या रविवारी मॅडम करंडक घेऊन त्या गावात गेल्या, सगळ्या मुली गेल्या, आणि मला नेमका ताप आला. त्यानंतर मी त्या गावात कधी पाऊल टाकलं नाही. शिक्षिका झाल्यावरही संघ पाठवला तो दुसऱ्याच गावांना.

यंदा पहिल्या वर्षाची एक मुलगी संघात आली. पहिल्याच सरावात खांबाशी तिने खांदा टाकला आणि मी शिट्टी वाजवून खेळ थांबवला. विचारलं, तर म्हणाली, "आईने शिकवलं, मॅडम. पण ती सांगते, ही तुमची हूल आहे. पेपरातलं तुमचं कात्रण अजून आहे आमच्याकडे."

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या मुलीकडून आधी निरोप धाडून रविवारी सगळ्या संघाला घेऊन मी त्या गावात गेले. तेच शेत होतं, धसकटं काढून ठेवलेली. ती बांधावरच उभी होती. केस पिकले होते, पदर मात्र आधीच खोचलेला. मुलींसमोरच मी सांगून टाकलं की हूल हिची, मी खोटं बोलले होते.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली.

"मग ते कात्रण कशाला जपलंत?"

ती हसली. "माजा नाव नव्हता त्यात. पन कोंबडी माजीच व्हती ना गो बाय."