कवेलूंखालची तार

भिलाईच्या वैशाली नगरातल्या आमच्या गल्लीत सिंधुताईचं अंगण म्हणजे भंडाऱ्याकडून उचलून आणलेला शेताचा तुकडा. नवरा चिंधू इथल्या स्टील प्लांटात कामाला होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली, पण बाईच्या हातची कुदळ सुटली नाही. भेंडी, वांगी, जे पिकेल ते न विचारता दुसऱ्यांच्या ओट्यावर ठेवून जाते. भांडणातही तिचा हात कुणी धरणार नाही, पण ते जाऊ द्या.

तिच्या मागच्या घरात धोंडबा आणि त्याची लेक आम्रपाली राहतात. धोंडबाला लकवा झालेला, खाटेवरून उठणं नाही. आम्रपाली पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. तिच्या इंटरनेटची तार सिंधुताईच्या फाटकाजवळच्या खांबावरून येते. वरून नेली तर माकडं झोके घेतात, म्हणून तारवाल्यांनी ती अंगणातून पुरली. पुरली कसली, मातीची पावडर लावली!

हळद लावायला सिंधुताई खणत होती, तेव्हा कुदळीला काहीतरी चिवट लागलं. शेतकऱ्याची पोर ती. कुंद्याचं तण मुळासकट काढलं नाही तर पुन्हा उगवतं, हे तिला पाळण्यातच शिकवलेलं. तिनं ती तुटकी मुळी ओढत ओढत अंगणभर उपटली, तिची गुंडाळी केली आणि कुंपणाबाहेर फेकणार, तोच आम्रपाली धावत आली.

"काकू, नेट गेलं! मीटिंग चालू होती माझी."

सिंधुताईनं हातातल्या गुंडाळीकडे पाहिलं. "माय वो! मले वाटलं कुंदा हाये."

मी समोरच्या ओट्यावर खो-खो हसत सुटलो. आम्रपाली हसली नाही.

"ऑफिसनं पहिलेच वॉर्निंग देली हाये, काकू. अजून एकदा लाइन गेली तर पुण्याले बोलावतील. बाबाले कुठं टाकून जाऊ?"

माझं हसू तिथंच जिरलं.

तार जोडायला माणूस आला आणि पुन्हा वीतभर मातीखाली टाकून निघाला.

"एवढी वर कावून टाकून राहिला रे?" सिंधुताईनं विचारलं.

"चलता है, अम्मा."

अम्माला चालत नव्हतं. तो गेल्यावर तिनं चर खोल केला, तार अलगद खाली बसवली. मग भिंतीशी रचलेले कवेलू, म्हणजे छपराची जुनी कौलं, एकेक आणून तारेवर पालथे घातले. हे कवेलू चिंधूनं गावच्या घराचे आणलेले. अंगणात पडवी घालू म्हणायचा, ती राहूनच गेली. इतकी वर्षं ती त्यांना कुणाला हातही लावू देत नव्हती. वरून शेताच्या बांधासारखा मातीचा धुरा घातला आणि सगळ्यांना बजावलं, "या धुऱ्यावर कोणी कुदळ चालवाची नाई." हळदीच्या वाफ्याचे मधोमध दोन तुकडे झाले. कुरकुर म्हणून केली नाही. ही बाई शेजारीण म्हणून माझ्या नशिबी आली, याचं मला खरंच कौतुक वाटतं.

तिचा मुलगा गोलू मात्र भिलाईत जन्मलेला, त्याला कसला धुरा! परवा गाडीच्या शेडचा खांब रोवायला त्यानं नेमकी तिथंच लोखंडी सब्बल हाणली. खाडकन आवाज झाला. सिंधुताई कणकेच्या हातांनी धावली, माती उकरली. कवेलू फुटला होता, खाली तार शाबूत होती. मागच्या खिडकीतून आम्रपालीचं इंग्रजी बोलणं चालूच होतं.

गोलूनं फुटका तुकडा उचलला. "आई, ये तो बाबाचे कवेलू हायेत ना? मिट्टी में कावून घातले?"

"त्यानं छपरासाठीच आनले होते ना?" सिंधुताईनं दुसरा कवेलू तारेवर ठेवला आणि माती सारली. "मंग? छपरच घातलं म्या. त्या पोरीच्या घरावर."