भिकाजीभाऊंनी तोडलेलं कुलूप

मी रियाज, आंदर मावळात जीप चालवतो. बारा गावची माणसं माझ्या गाडीत बसतात, पण भिकाजीभाऊंसारखा सरळ माणूस दुसरा नाही. इतका सरळ, की आपलंच डोकं फिरतं! ग्रामपंचायतीचं पाणी सोडायची त्यांची नोकरी. जरा उशीर झाला तर घरोघर सांगत फिरतात, "आज चुकलं माजं."

भाद्रपदातल्या एका दुपारी त्यांच्या दहा वर्षांच्या पुतणीला, चैतालीला, भातखाचरात घोणस चावली. पोरीला जीपमध्ये घातलं. दवाखान्यात सडकेनं जायचं तर डोंगराला वळसा. जवळची वाट पुण्याच्या एका बाईंच्या बंगल्याच्या आवारातून, आणि तिथं गेटला हे एवढं कुलूप. हाका मारल्या, कुणी नाही. भाऊंनी माझ्या गाडीतली पहार उचलली आणि दोन दणक्यांत कुलूप उडवलं. पोरगी वाचली.

एवढ्यावर थांबतील तर ते भिकाजी कसले! बाईंचं गेट उघडं कसं ठेवायचं, म्हणून संध्याकाळी स्वतःच्या घराचं कुलूप तिथं लावून आले. किल्ली खिशात. शनिवारी बाई आल्या आणि स्वतःच्याच बंगल्याबाहेर दोन तास उभ्या राहिल्या. मग काय, थेट पोलीस चौकी.

गुन्हा नोंदला असता तर नोकरी गेलीच असती. भाऊंच्या बायकोनं, हिरावहिनींनी, मला बजावलं, "रियाजभाऊ, ह्यांना लय बोलू देऊ नगा."

चौकीतले साहेब भला माणूस. म्हणाले, "मोठं संकट टाळायला, मनात वाईट नसताना नुकसान केलं, तर कायदा समजून घेतो. फक्त सांगा, दुसरा रस्ता नव्हता ना?"

मी टेबलाखालून भाऊंचा पाय दाबला.

"व्हता की," भाऊ म्हणाले.

या अल्ला! मी कपाळावर हात मारला.

"वळशाचा. पाऊण तास जादा. मागल्या साली चैतालीच्या बापाला, माज्या धाकट्या भावाला, असंच पान लागलं, साप चावला. तवा बी ह्येच गेट, ह्येच कुलूप. दुसऱ्याचं कसं तोडायचं म्हनून आमी वळशानं नेला. गाडीतच गेला तो, साहेब."

बाईंनी डोळे पुसले आणि तक्रारीचा कागद साहेबांच्या हातून मागून घेतला.

बाहेर आल्यावर मी भाऊंवर भडकलो. "'नव्हता' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

भाऊ मजेत चहा फुंकत होते. "पोरगी वाचली की रं," ते म्हणाले, "आता खोटं कुनासाटी बोलू?"