डाय लावलेली ती वीस मिनिटं
लिफ्टमध्ये हेअर डायचा उग्र वास आला की माझं कपाळ अजून चुरचुरतं. मुलुंडच्या घरात आईला विसरायला होऊ लागलं तेव्हा माझे केस पार पिकलेले, म्हणून ती मला काकू म्हणायची. संध्याकाळ झाली की खिडकीच्या ग्रिलला चिकटून उभी राहायची. "काकू, माझी मुलगी आली नाही हो अजून ऑफिसातून." मीच ती, हे सांगून सांगून माझं डोकं फिरायचं. शेवटी एकदा डायचं पाकीट आणलं, जुना गाऊन चढवला आणि बाथरूममध्ये वाटीत कालवून हाताला येईल तसं फासलं. अर्धा तास थांबायचं होतं. कानामागे आग होत होती, मानेवर ओघळ उतरत होते आणि आई सारखी दार वाजवत होती, "काकू, आली का हो ती?" वीस मिनिटांतच मी डोकं धुतलं आणि ओल्या केसांनी तशीच बाहेर आले. आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती उशीर गं! एक फोन करता येत नाही तुला?" मी म्हटलं, "चुकलं, आई." आता केस पुन्हा पांढरे झालेत, आणि मी कितीही वाजता घरी आले तरी चालतं.