आत्याआजीच्या केसांतलं एरंडेल

बाळांनो,

परवा फोनवर मोठीनं सांगितलं की कॉलेजच्या कामासाठी ती लोकांच्या डोक्याला तारा चिकटवून मेंदूच्या लहरी मोजायला शिकते आहे. माझ्या शेजारी बसलेली आत्याआजी लगेच म्हणाली, "माझ्यापण मोजल्यात." तुम्ही दोघंही हसलात. तुम्हाला ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती. पण आत्याआजीला त्या दिवसांतलं स्वतःचं काहीच आठवत नाही, आमच्याकडून ऐकलंय तेवढंच, आणि तुमचे आजोबा आता नाहीत, तेव्हा ते सांगणारी मी एकटीच उरले. मला सगळं ओळीनं आठवतंय तोवर लिहून ठेवते. मी इंग्रजी शाळेत शिकले, तुम्हाला इंग्रजीतून वाचणं सोपं गेलं असतं हेही मला कळतं. पण यातली माणसं इंग्रजी बोलायला लागली तर ती मलाच परकी वाटतील. अडेल तिथे बाबाला विचारा.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. घाटकोपरच्या याच घरात तुमचे आजोबा, मी, शाळेत जाणारा तुमचा बाबा, आजोबांची आई आणि आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी, असे आम्ही पाचजण राहत होतो. सासूबाईंना मी आई म्हणत असे. त्या मूळच्या मालवणकडच्या, आणि मुंबईत अर्धं आयुष्य गेलं तरी त्यांची बोली काही मुंबईची झाली नव्हती. आत्याआजी तेव्हा अंधेरीच्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. लग्नाचं बघणं चाललं होतं.

बोरिवलीचं एक स्थळ तिला पाहून गेलं आणि आठवड्याभरात नकार कळला. त्याच सुमारास तिला ताप आला. ताप असा फार नव्हता, पण ती विचित्र वागायला लागली. चपला फळीवर डब्यांच्या शेजारी नेऊन ठेवी. जेवता जेवता मध्येच थांबे आणि हातातल्या घासाकडे बघत राही. एका सकाळी मी तिला चहा दिला, तर कप हातात घेऊन तिनं मला अगदी नम्रपणे विचारलं, "तुम्ही कोणाकडे आलात?"

सगळ्यांनी एकच अर्थ लावला. पोरीनं नकार मनाला लावून घेतला. बिल्डिंगमधल्या बायका येऊन तिला समजावू लागल्या की असली छप्पन्न स्थळं मिळतील. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. आईंचं निदान तेवढं निराळं होतं: उष्णता मस्तकात गेली आहे. त्यांच्या घरी तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत कोणालाही ताप आला की टाळूवर एरंडेल थापायचा रिवाज होता. त्यांनी सकाळ-संध्याकाळ तिच्या टाळूवर एरंडेल जिरवायला सुरुवात केली. आत्याआजीचे केस कमरेखाली येत होते आणि आई हात राखून तेल लावणाऱ्यातल्या नव्हत्या.

मग तिनं खाणं सोडलं, बोलणंही सोडलं. डोळे उघडे, पण हाक ऐकू जात नसावी अशी पडून राहायची. आम्ही तिला जवळच्या हॉस्पिटलात दाखल केलं. पाठीतलं पाणी काढून तपासलं, त्यातून काही ठरेना. तिथल्या मोठ्या डॉक्टरांचंही मत पडलं की हा मनाचा धक्का आहे, हिला मनोरुग्णालयात हलवा. तिथे खाटसुद्धा सांगून ठेवली गेली. तुमच्या आजोबांनी मान हलवून हो म्हटलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले.

त्या हॉस्पिटलात मेंदूचे एक डॉक्टर ठरावीक दिवशी येत. ते आले, बराच वेळ तिच्याकडे नुसते बघत उभे राहिले, आणि म्हणाले की हिच्या ओठाचा उजवा कोपरा मधूनमधून उडतो आहे. विषाणूचा ताप मेंदूत शिरला तर माणूस वेड्यासारखं वागू शकतं. आधी मेंदूच्या लहरींचा आलेख काढू. त्यात खूण सापडली तर इथेच उपचार; आलेख स्वच्छ निघाला तर तुम्ही ठरवलंय तिकडे न्या. तिकडे गेली असती तर मेंदूचा ताप कोणी शोधला नसता. सगळं त्या एका कागदावर येऊन ठेपलं.

यंत्र दुसऱ्या दिवशी अंधेरीहून गाडीतून आलं. शिवणयंत्राच्या टेबलाएवढं, वर ओळीनं बारीक लेखण्या आणि खाली घडीचा लांबच लांब कागद. बरोबर एक तिशीची बाई होती, ती चालवणारी. तिनं पंखा बंद करायला लावला, कारण त्याची वीज कागदावर उमटते. देवनारच्या कचऱ्याच्या डेपोकडून वारा होता म्हणून खिडक्या आधीच बंद होत्या. आम्ही घामानं निथळत उभे. तिनं केसांत भांग पाडला आणि हात थांबवला.

"हे काय लावलंय?"

"एरंडेल," आई म्हणाल्या. "थंड असता."

"आजी, पोरीचं डोकं आहे की डोशाचा तवा?"

तरीही तिनं प्रयत्न केला. लहान वाट्यांसारख्या चकत्यांना पांढरी पेस्ट लावून ती डोक्याला चिकटवत होती, आणि एक बसवावी तर दुसरी घसरत होती. यंत्र सुरू केलं तेव्हा लेखण्या चवताळल्यासारख्या वरखाली धावल्या. तिनं तो कागद फाडून बाजूला ठेवला. हा डॉक्टरांना वाचता येणार नाही, ती म्हणाली, आणि चुकीचा वाचला गेला तर आणखी वाईट. तिला पुढे मुलुंडला एक पेशंट करायचा होता. वॉर्डातला न्हावी बोलवा, सगळे केस उतरवा, म्हणजे लवकर होईल.

आई खाटेच्या आणि तिच्या मध्ये उभ्या राहिल्या. लग्नाच्या मुलीच्या डोक्याला वस्तरा लावायचा हे त्यांना ऐकवतही नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या मशिनीक तेलाचा वावडा आसा, तर मी तेल काढतंय. केस कित्याक काढू?"

त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही यंत्र उचलून जाणार. तिनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "मुलुंडहून परतताना येते. पण थेंबभर जरी हाताला लागलं ना आजी, तर न्हावी. मग भांडायचं नाही."

"बरा," आई म्हणाल्या.

एरंडेल पाण्यानं जात नाही आणि साबणानं नुसतं बुळबुळीत होतं, हे आईंना ठाऊक होतं. मी घरून बेसन, शिकेकाई, फणी आणि जुनी सुती लुगडी आणली. त्यांनी आधी कोरडं बेसन मुळांशी चोळलं, तेल पिऊन त्याच्या गुठळ्या झाल्या की फणीनं विंचरून काढल्या, परत बेसन, परत फणी. मानेखाली मेणकापड, खाली बादली. नर्सनं गरम पाणी दिलं. समोरच्या खाटेवरच्या पेशंटची बहीण न सांगता येऊन तांब्या धरून उभी राहिली. मी मान धरली होती. आई सगळा वेळ तिच्याशी बोलत होत्या, तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना बोलतात तसं: आता पाणी येता हां, डोळे मीट, झाला झाला. तिनं डोळे मिटले नाहीत. मी पदर धरून ते झाकले.

दुपार कलताना ती बाई आली. तिनं केसांतून बोटं फिरवली, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाली, "आजी, पार्लर काढा."

या वेळी चकत्या बसल्या. उजवीकडच्या लेखण्या हळू, ओढलेल्या रेषा काढत होत्या. डाव्या कानशिलाच्या रेषांवर मात्र टोकदार सुळके उठत होते, ठेका धरल्यासारखे, एकामागून एक. संध्याकाळी डॉक्टरांनी कागद खाटेवर पसरला आणि आम्हाला बोलावून त्यावर बोट ठेवलं. "ही वेडी झालेली नाही. हिचा मेंदू आजारी आहे."

आईंनी ते मला परत सांगायला लावलं. मी सांगितलं. मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

औषध नवीन होतं, आपल्याकडे सहज मिळत नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका विमानतळावर मालाच्या विभागात होते. त्यांनी कोणाकोणाला सांगून ते लंडनहून मागवलं आणि ड्यूटीवरून थेट हॉस्पिटलात आणून दिलं. आभार मानले तर म्हणाले, वहिनी, आधी तिला टोचा, मग बोलू.

डॉक्टर अधूनमधून पुन्हा आलेख काढवत, औषध लागू पडतंय का ते बघायला. ती बाई येण्याच्या आदल्या दिवशी आई केस धुऊन, सुकवून, मोकळे करून ठेवत. सुळके कमी होत गेले, त्यांच्यातलं अंतर वाढलं. पण आत्याआजी बोलत नव्हती. कागद सुधारतोय आणि माणूस नाही, असं तुमचे आजोबा म्हणायला लागले होते. तशात एकदा ती बाई नेहमीप्रमाणे चकती बसवण्याआधी डोक्याची कातडी घासत होती, आणि खाटेवरून आवाज आला:

"हळू गं."

बाईचा हात तसाच राहिला. आईंनी तोंडाला पदर लावला. "कोणी काही बोलू नका," बाई कुजबुजली, "तिलाच बोलू दे." आणि स्वतः मनगटानं डोळे पुसत राहिली. आत्याआजी आणखी काही बोलली नाही. पण तिनं आईंकडे वळून बघितलं, आणि ते बघणं ओळखीचं होतं.

घरी आल्यावर तिला बटणं लावण्यापासून शिकावं लागलं. टायपिंग परत जमलं नाही, लग्नही झालं नाही. आईंना शेवटपर्यंत एवढंच वाटत राहिलं की देवानं द्यायचं ते दिलं, वर मागू नये. मीही तेच म्हणते. एका डॉक्टरांनी ओठाचा कोपरा पाहिला, एक बाई वाट वाकडी करून परत आली, एका शेजाऱ्यानं लंडनहून औषध आणवलं, आणि माझ्या सासूबाईंनी वस्तरा लावू दिला नाही तरी त्या हट्ट धरून बसल्या नाहीत, कामाला लागल्या. यातलं एक जरी चुकलं असतं तरी आज वेगळंच लिहावं लागलं असतं. त्या बाईचा पत्ता मी घेतला नाही, याची अजून चुटपुट लागते.

आई गेल्याला पुष्कळ वर्षं झाली. हॉस्पिटलच्या जागी आता उंच इमारत आहे. आत्याआजीला माणसं ओळखता येतात, नावं येत नाहीत. म्हणून ती तुम्हाला मोठी आणि धाकटा म्हणते, त्याचा राग धरू नका. तिची तब्येत चांगली आहे. भाजी तीच आणते, दुधवाल्याशी तीच भांडते, आणि आम्ही दोघी याच घरात राहतो.