पळसकाकांचे दोरे

पळसकाका माणसाकडे बघायचे ते पायांपासून वर. आधी टाचा, मग गुडघे, मग खांदे, आणि टाळूवर येऊन नजर थांबायची. परगावच्या माणसाला वाटायचं, भटजी नमस्काराची वाट बघतायत. आम्हा गावकऱ्यांना ठाऊक होतं, ते माप घेतायत.

गाव आमचं प्रवरेकाठचं, संगमनेरपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दुसरी मोठी लढाई लागली तशी गावची पोरं नगरला जाऊन पलटणीत भरती होऊ लागली. जाणारा आधी काकांच्या पाया पडायला जायचा. काका त्याला भिंतीला टेकवून उभा करायचे, टाचेपासून टाळूपर्यंत कच्च्या सुताचा दोरा धरून तोडायचे, ओळखीची गाठ मारायचे आणि देवाशेजारच्या कोनाड्यात ठेवायचे. "हे कशाला वो काका?" असं विचारलं की म्हणायचे, "परत आलास की बघू, सरकारी डाळीनं किती वाढलास ते." पोरं हसायची. आया हसायच्या नाहीत.

कारण लढाईत गेलेल्याचं मढं काही घरी येत नाही, कागद येतो. आणि कागदाला अग्नी देऊन भागत नाही. पळसाच्या पानांचा माणूस बांधायचा, त्याला नारळाचं डोकं ठेवायचं, मग तो जाळायचा. काकांचं खरं नाव निराळं होतं, या पानांनीच त्यांना पळसकाका केलं. पुतळा मापाचाच हवा, हा त्यांचा हट्ट. म्हणायचे, "आखूड झाला तर पाय बाहेर राहतात लेका. मग तो चालतच बसतो."

माझा थोरला भाऊ शिवा निघाला तेव्हा त्याचाही दोरा झाला. काका मला म्हणाले, "किसन्या, ये, तुझाही घेऊन ठेवतो."

"मला न्हाई मापून घ्यायचं. मी काय मेलोय व्हय?"

"बरं बाबा," म्हणाले, आणि हसले.

दोन वर्षांनी गावात तीन कागद आले. दोघं मेलेले. शिवा ब्रह्मदेशात बेपत्ता. गावानं ठरवलं की तिघांचा दुखवटा एकाच दिवशी करायचा. मी उसळलो. बेपत्त्याची बारा वर्षं वाट बघायची असते, एवढं मलाही माहीत होतं. तडक काकांकडे गेलो.

"तुझं खरं आहे," ते म्हणाले. "पण गाव भ्यालंय. तिघं बरोबर गेले, एक मागं राहिला तर तो बाकीच्यांना ओढील म्हणतात. पुतळा मी बांधतो. डोकं ठेवायचं काम घरच्याचं. ते ठेवेपर्यंत ती नुसती पानं आहेत, हे ध्यानात ठेव."

कार्तिकातली सकाळ होती. दुखवट्याच्या दिवशी गावात औत धरत नसत, चूल पेटत नसे, आणि घरटी एक पळसाची फांदी नदीवर यायची. सगळं गाव वाळूत बसलं होतं. समोर तिघं निजलेले, प्रत्येकाच्या अंगात त्याचाच जुना सदरा. दोघांना डोकी होती, शिवाला नव्हतं. एका म्हातारीनं लेकाच्या सदऱ्याचं बटण लावलं आणि मांडीवर घ्यावं तसं ते नारळाचं डोकं कुरवाळीत बसली. वारा अजिबात नव्हता, तरी पानं सळसळत होती, सदरे हळूच वर उचलल्यासारखे वाटत होते. मी मागं सरकलो. काका कानाशी म्हणाले, "वाळताना पान बोलतं. लक्ष देऊ नकोस."

मग त्यांनी माझ्या हातात नारळ दिला. पलीकडे वहिनी उभी होती, कपाळावर कुंकू ठसठशीत. तिच्या दोन्ही बाजूंना दोन म्हाताऱ्या. मी नारळ ठेवला की त्या तिचं कुंकू पुसणार आणि बांगड्या फोडणार. वहिनी रडत नव्हती. नुसती माझ्या हाताकडं बघत होती.

पाटील म्हणाले, "किसना, उरक. गाव खोळंबलंय."

"खोळंबू द्या."

"आरं, त्यो भटकंल!"

"भटकू द्या. भटकत घरी तरी यील."

मी तो नारळ धाडकन दगडावर फोडला, देवापुढं फोडतात तसा, आणि एक वाटी वहिनीच्या हातात दिली. दुखवट्यात खोबरं वाटणारा मीच पहिला. काका खाली बसले, शिवाच्या पुतळ्याची एकेक गाठ सोडली आणि पानं नदीला दिली. दोरा मात्र गुंडाळून कमरेला लावला.

पुढं होळीपर्यंत आमच्या दारात कोणी आलं नाही. काका यायचे. ओसरीवर बसायचे, वहिनीच्या हातचं पाणी मागायचे आणि जाताना रस्त्याकडं बघून म्हणायचे, "आज नाही वाटतं."

बारा वर्षं भरली त्या साली काकांनी अंथरूण धरलं. मला बोलावलं आणि दोन दोरे हातात ठेवले. "हा शिवाचा. आता पुतळा बांधलास तरी चालेल."

"अन् ह्यो दुसरा कुनाचा?"

"तुझा."

"मी मापू दिलं नव्हतं!"

"सकाळी एका घटकेला सावली अंगाएवढी होते. तू मोटेवर उभा होतास." त्यांना हसताना खोकला आला. "सावली काय तुझ्या बापाच्या मालकीची?"

तिसऱ्या दिवशी काका गेले.

दोन्ही दोरे मी आमच्या घरच्या कोनाड्यात ठेवले, शिवाचा पुतळा मात्र कधी बांधला नाही. वहिनीनंही कधी विषय काढला नाही, पण तो कोनाडा ती दुसऱ्या कोणाला झाडू देत नसे. परवाच्या आषाढात ती गेली, ऐंशीच्या पुढं, कुंकवानिशी. हिरवं लुगडं नेसवून बायका बाजूला झाल्या तेव्हा मी शिवाचा दोरा आणला आणि तिच्या अंगावर लांब धरला. पायांच्या पुढं वीतभर उरला. शिवा तिच्याहून उंच होता, मी विसरूनच गेलो होतो. पाय बाहेर राहू नयेत म्हणून घडी घालून तिच्या मुठीत दिला. दोघं एकाच अग्नीत गेले.

आता कोनाड्यात एकच दोरा आहे. माझी पाठ वाकली, त्यामुळे तो मला लांब होईल. मापून बघितलेलं नाही. आणि सकाळी सावली अंगाएवढी होते त्या घटकेला मी अजून उन्हात उभा राहत नाही.